निलंग्याची पाटी

...अन् साहेब मलाच म्हणतो, "आजी, तुम्ही नापास!" आता सांगा बायांनो, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, दिवेलागणीला पाटी घेऊन बसायचं, अन् वरून नापास? अवो, मला येतं ते इचारा की!

टँकर येस्तवर ऐका. मी केवळाबाई, बोरगावची, ह्या तुमच्या शेजारच्या सिंधूची आई. तुम्हाला सांगते, मला समदं शिकायचंच नव्हतं. एकच शब्द पायजे होता, निलंगा! का म्हणजे? लेक निलंग्यात दिली ना! आधी दिवाळीला तरी तोंड दिसायचं, दुष्काळ पडला अन् तेबी बंद. लेकाला म्हणलं, "रामकिशन, सिंधूकडं सोड रे." तर म्हणतो, "कामाचा खाडा पडतो." एकदा माझी मीच निघाले, तर लातूरच्या स्टँडवर एक टोपीवाला म्हणला, "बसा मावशी, हीच निलंग्याची," अन् उतरले कुठं? उदगीरला! मग रामकिशननं फर्मानच काढलं, "वाचायला शीक, परीक्षा पास हो, मग जा एकटी."

म्हणून प्रौढांच्या वर्गात गेले. व्यंकट गुरुजी म्हणायचे, "आजी, आधी क कमळातला." मी म्हणायचे, "आधी नि निलंग्यातला!" शेवटी कटाळून लिहून दिलं बिचाऱ्यानं. मग काय, चुलीम्होरं राखेत निलंगा, परातीत पिठात निलंगा... बोट फिरवता फिरवता डोळे भरायचे हो. लेकीची लई आठवण यायची. तिची नुसती खुशाली कळली तरी बास, असं वाटायचं.

अन् परीक्षा घ्यायला कोण? आपला लातूर नवा जिल्हा झाला ना, तिथला नवा साहेब! जीप नवी, चष्मा नवा, घाई तर लईच नवी. चित्रावर बोट ठेवून म्हणतो, "हे काय आहे?" मी निरखून बघितलं, म्हणलं, "कांदा." तर कपाळाला हात लावून म्हणतो, "कमळ आहे आजी, कमळ! तळ्यात असतं!" आता आमच्या तळ्यात पोरं विटीदांडू खेळायलीत, तिथं कमळ कुठलं? मी म्हणलं, "साहेब, निलंगा इचारा की!" म्हणतो, "ते पुस्तकात नाही." अवो, पर गाडीच्या पाटीवर हाय ना! न्हाई म्हणजे न्हाई. मला येतं ते इचारलंच न्हाई!

असा राग आला म्हणता! दुसऱ्या दिशी रामकिशन कामावर गेला अन् मी गाठोडं उचललं. लातूरच्या स्टँडवर एकेक पाटी बघत चालले... ही न्हाई, ही बी न्हाई... अन् दिसली! नि... लं... गा! कंडक्टरला ठणकावून म्हणलं, "एक निलंगा!" सिंधू दारातच होती. "आई! कुणी आणलं तुला?" मी म्हणलं, "मीच आणलं की मला!" दोघी लई रडलो.

आता इथं तुमचंबी पाण्याचं असं. विहीणबाई गोड बोलतात, "ऱ्हावा की," अन् नजर असती रांजणात. कळतं हो मला, माझ्या आंघोळीनं कुणाची तरी तहान ऱ्हाती. सिंधू म्हणती, "आई, लातूरला गाडी बदलायची, तुला 'बोरगाव' वाचता आलं की पाठवते, न्हाई तर पुन्ना उदगीर!" रोज सांजंला कोळशानं फरशीवर लिहिती, मांडीला मांडी लावून बसती, माझं बोट धरून अक्षरावरून फिरवती. "वाच, आई." मी म्हणते, "बो... बो... पुढलं न्हाई बाई उमगत." ती हसती, म्हणती, "असू दे, उद्या बसू."

तिला सांगू नका हं... बोरगाव मला पहिल्याच सांजंला आलं होतं! जन्मात एकदा मला येतं ते कुणीतरी इचारलं, अन् मीच न्हाई येत म्हणते. पास झाले तर सकाळच्या गाडीत बसवंल ना!

पर काय करता? काल तांब्या घातला तर रांजणाच्या तळाला खरकन घासला... आज सांजंला पास व्हावंच लागतंय, बायांनो.