पळत्या गॅसमधले तारे

बालाघाटच्या ऑनलाइन सेंटरमध्ये शिक्षक भरतीचे फॉर्म भरायला रांग लागली होती. माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची मुलगी उभे होते. मुलीचा मोबाइल वाजला. त्यावर आलेलं वाचून ती वडिलांकडे वळली.

"बाबा, पुण्याहून माह्या रिसर्चच्या मॅडमचा मेल आला. माहे तारे खरे निघाले."

"कोणते तारे, प्रियंका? ज्याच्यापायी रिसर्च सोडून घरी आली, तेच?"

"हौ, तेच. दुसऱ्या दुर्बिणीतूनही दिसले."

"नीट सांग, मले समजू दे."

"आकाशगंगेच्या मधात ब्लॅक होल राह्यते. त्याच्यात पडता पडता गॅस एवढा तापते, का जोराचं वारं सुटते आन् बाकीचा गॅस बाहेर फेकल्या जाते."

"मंग?"

"तारे गॅसपासूनच बनते. गॅस गेला, का नवे तारे बंद. मॅडम हेच म्हणत होत्या."

"आन् तू?"

"मी म्हणलं, मी पाह्यलेल्या एका आकाशगंगेत त्या पळत्या गॅसमधीच तारे जन्मून राह्यले. दोन वर्षं कोणालेच पटलं नाही."

"आता काय म्हणते मॅडम?"

"'चूक माझी होती, सोमवारी ये.'"

"मंग जाशील ना?"

"पण फॉर्मची आज आखरी तारीख हाय. तीन घंटे उभे राह्यलो, आता आपलाच नंबर हाय."

वडिलांनी हातातली फाइल मिटली आणि ते माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुम्ही व्हा पुढं. आमाले स्टेशनवर जाऊन पुण्याचं तिकीट काढा लागते."