चिडली की साखर बघा

नाही, ती दारातली निळ्या झाकणाची डबी तेवढी हळू काढा. इन्शुलिन आहे. तुमच्या कंपनीच्या या फ्रिजने काल दुधाचा दगड केला, म्हणून तर तुम्हाला बोलावलं—इन्शुलिन एकदा गोठलं की फेकून द्यायचं. माझं नाही हो, माझं स्वादुपिंड ठणठणीत आहे, त्यात माझं काहीच कर्तृत्व नसताना. बायकोचं. ती? ती बहिणीकडे असते. तुम्ही मागचा पत्रा खोला, मी आपला बोलतोय, तुमचं चालू द्या.

तुमच्या-माझ्या शरीराचं खरं तर कौतुक करायला हवं. ताटभर जेवलो, वर गोड खाल्लं—रक्तात साखर वाढली की आतून इन्शुलिन सुटतं, साखर पुन्हा जिथल्या तिथे. जेवण चुकलं तर यकृत आपल्या साठ्यातली थोडी काढून देतं. घाम, ताप, तहान, सगळं असंच परस्पर सांभाळलं जातं. आपल्याला कोणी विचारतं? सही मागतं? आमच्या कचेरीत असं काम झालं असतं तर—मी सरकारी नोकर, दुकानदारांचे वजनकाटे तपासतो, म्हणून बोलायचा हक्क आहे मला. तर बायकोचं स्वादुपिंड ती शाळेत असतानाच संपावर गेलं, ते कायमचं. जे तुमच्या आत झोपेतही होतं ते तिने हाताने करायचं. जेवायच्या आधी सुई, सुई घेतली की जेवायलाच हवं, चालणं जास्त झालं तर साखर खाली, साधी सर्दी झाली तरी वर. लग्नाआधी हे सगळं ती एकटी करायची, आणि बरं करायची. मला मात्र वाटलं, बिचारीला कोणीतरी हवं. आणि कोणीतरी म्हणजे अर्थातच मी.

लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला गॅलरीत नेलं. म्हणाले, साखर फार उतरली की तिला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि स्वभावच बदलतो—भांडते, काहीबाही बोलते, नंतर आठवतही नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चिडली की आधी साखर बघा." एवढंच. लोकांना सासरकडून घड्याळ मिळतं, अंगठी मिळते. मला हे मिळालं, आणि मी ते घड्याळापेक्षा जपून वापरलं.

बरं, ते खरंही निघालं ना! लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही चपलांच्या दुकानात गेलो होतो. ही एकदम दुकानदारावर तुटून पडली, मग माझ्यावर—म्हणे या माणसाला बायकोसुद्धा मापातच लागते. चारचौघांत. कपाळावर हा घाम. मी तिथेच साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळाने ती माझ्याकडे बघून विचारते, आपण इथे कधी आलो? मला काय वाटलं सांगू? बायको चिडली, पेला पाजला, राग गेला. कुठल्या नवऱ्याला मिळतं असं औषध? तिला मिठी मारायची सोडून मी त्या पेल्याच्याच प्रेमात पडलो.

झालं. साखर मापायचं यंत्र कायम माझ्या खिशात. ती म्हणाली, माझ्याशी बोलताना तुम्ही पेपर वाचता—बोट पुढे कर. ती म्हणाली, तुमच्या आईने माझ्या माहेरच्यांना असं बोलायला नको होतं—बोट पुढे कर. सासरे गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडत होती, आणि मी... हो, तेव्हासुद्धा. काळजी होती हो. काळजीच म्हणायची ती, दुसरं काय? मेव्हणी एकदा माझ्या तोंडावर म्हणाली, "भावजी, साखर बरोबर असताना तिला रागवायची मुभा आहे का?" मी हसलो. चांगला विनोद केला असं म्हणून चहा मागितला.

ती शिक्षिका. बहिणीच्या गावात मुलींची शाळा आहे, तिथे तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. तिने जेवताना विषय काढला, मी जरा हो-नाही केलं, तिचा आवाज चढला, मी यंत्र काढलं. जराशी उतरलेलीच निघाली! मी गोड दिलं आणि विषय मिटला. पुन्हा तिने काढला नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, साखरच होती. लोकांचे काटे तपासणारा माणूस मी, हुशारीला काही सुमार?

नंतर त्या शाळेने पुन्हा विचारलं. मला पत्ताच नाही. एका रविवारी दुपारी ती समोर येऊन बसली, हात टेबलावर, आणि भाजी आणायला निघाल्यासारखं म्हणाली, मी ती नोकरी घेतलीय, ताईकडे राहीन, तुमच्याबरोबर आता राहायचं नाही. मी काय केलं असेल? बरोबर. यंत्र आणायला उठलो. परत आलो तर मी काही बोलायच्या आत तिने बोट पुढे करून ठेवलं होतं. ते बोट मला अजून... असो. आकडा आला एकशे चार. म्हणजे तुमची-माझी असते तशी. मी एका मापावर विश्वास ठेवणारा नव्हे—हात धुवायला लावले, दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच, दोन-चार इकडे-तिकडे. म्हटलं यंत्रच बिघडलं, म्हणून स्वतःचं टोचलं. माझीही ठीक. यंत्र चोख होतं हो. सगळं जाग्यावर होतं, फक्त बायको जात होती.

आणि एवढं सगळं मापून झाल्यावर मी काय केलं माहितीये? साखरेचं पाणी कालवलं आणि तिच्यापुढे ठेवलं. हसा, हसा. तिने पेला माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "तुम्ही प्या. हात तुमचे थरथरताहेत."

प्यायलो. दुसरं सुचलं असतं तर ते केलं असतं. ती डबी तेव्हाचीच आहे, घाईत राहिली. तारीख उलटून गेलीय, वाचता येतं मला. तरी गोठवायची नाही.

तिकडे छान चाललंय तिचं. मेव्हणी मुद्दाम फोन करून सांगते—शाळा छान, झोप छान, डॉक्टर म्हणतात साखर इतकी स्थिर यापूर्वी कधी नव्हती. मी म्हटलं वा, आनंद आहे. इतकी वर्षं मी एवढा राबलो, आणि मी नसल्यावर स्थिर.

थांबा. फोन वाजतोय. नाही, कॉल नाही, हा तिच्या साखरेचा आकडा. दंडाला एक चकती लावलीय तिने, ती सारखी मोजत असते आणि उतरली की वाजते. तो आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही जावा असं डॉक्टर म्हणाले. मेव्हणीचा फोन तर नेहमी पर्सच्या तळाशी. तेव्हा हिने माझा नंबर दिला. स्वतःहून. अट एकच—बघायचं, फोन करायचा नाही; फारच वेळ तशीच राहिली तर शाळेत कळवायचं. छप्पन्न. खाली जातेय अजून. वर्गात असेल, शिकवताना तिला खायचं भान राहत नाही. नाही हो, करत नाही फोन, नुसता हातात धरलाय. तुम्ही जरा ठोकाठोकी थांबवा.

त्रेपन्न.

आता नवा आकडा येईल. थोडा वेळ लागतो त्याला.

अठ्ठावन्न. बाण वर.

खाल्लं तिने काहीतरी. पर्समध्ये ठेवत असेल. कोणी सांगितलं नाही, कोणी बोट मागितलं नाही... सदुसष्ट. चढतेय. दर वेळी चढते.

काय बघताय माझ्याकडे? थंड होतंय ना आत? मग पत्रा लावा आणि निघा. जाताना दार ओढून घ्या. मला आत्ता उठायचं नाही.