दारातली वाट

जनावरांच्या दवाखान्यातला बाक. माझ्या मांडीवर मांजर, शेजारी टोपलीत ससा घेतलेली एक बाई, तिच्या पलीकडे एक आजी. आजींच्या पायाशी तपकिरी कुत्रा.

“किती वर्षांचा हो, आजी?” मी विचारलं.

“हा दोनचा. पहिला म्हातारा होऊन गेला. त्याच्याच कातडीच्या तुकड्यापासून हा करून घेतला.”

“म्हणजे क्लोन? अगदी तोच?”

“डाव्या कानावरचा ठिपका तेवढा उजवीकडे आलाय. एवढं चालायचंच, म्हणाले प्रयोगशाळेवाले.”

“आणि याची आई?”

“दुसरीच कुत्री. तिच्या पोटात वाढवला. पुढे तिचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.”

“एवढा खटाटोप कशासाठी पण?”

“आमचे हे गेले, तरी पहिला रोज संध्याकाळी दारात त्यांची वाट बघत बसायचा. मला तेवढीच सोबत.”

“आणि हा?”

“हा सोफ्यावर लोळतो. यानं त्यांना कधी पाहिलंय कुठे?”

“मग?”

“मग मीच रोज संध्याकाळी ह्यांच्या चपला घालून खाली जाते आणि चौकातून परत येते. त्याला शिकवायला.”

“शिकला का?”

“शिकला. आता दारातच बसलेला असतो.”

“चला, जमलं म्हणायचं.”

“कसलं जमलं. माझी वाट बघतो.”