बोटं वाचता आली पाहिजेत

ऑपरेटर : चेहरा तर छान दिसतोय की काका.

काका : चेहरा राहू दे गं. बोटं बघ तिची. एवढ्या मोठ्या पडद्यावर नुसता लगदा झालाय.

ऑपरेटर : भराभर हलतात ना, म्हणून. क्लिपला आवाजच नाही. मला वाटलं, भाषणांच्या वेळी मागे लावायची असेल, म्हणून फाइल हलकी करून टाकली.

काका : आवाज कुठून असणार? माझ्या बायकोला ऐकू येत नव्हतं. ती बोटांनीच बोलायची. तेच शिकवलं तिनं या शाळेत तीस वर्षं. चारला तिच्या स्मरणसभेला तिचे विद्यार्थी येतील, त्यांना वाचता आलं पाहिजे.

ऑपरेटर : अहो, आधी सांगायचं ना. थांबा, नवा कोडेक लावते.

काका : हे आणि काय प्रकरण?

ऑपरेटर : व्हिडिओची घडी घालायची पद्धत. हा बारीक घडी घालतो, तरी चित्र बिघडत नाही. हे बघा... अडकलं. इथला प्लेअर जुना, त्याला ही घडी उलगडत नाही.

काका : म्हणजे चांगली ती चालत नाही, नि चालते ती चांगली नाही? माझं डोकं गरगरायला लागलंय.

ऑपरेटर : जुनाच कोडेक घेऊ, पण घडी सैल घालू. फाइल दसपट होईल, होऊ दे. मूळ व्हिडिओ मात्र पाहिजे. तुम्ही मेसेजवरून पाठवलात, तिथंच अर्धा चुरगळला.

काका : मूळ म्हणजे कुठला? मला तर एकच माहीत आहे.

ऑपरेटर : ज्या फोनवर काढला, तो.

काका : तिचा? हा काय, खिशातच असतो. रोज चार्ज करतो.

(थोड्या वेळाने पडदा पुन्हा उजळतो.)

ऑपरेटर : आता बोट न् बोट सुटं दिसतंय. काय म्हणतायत हो त्या?

काका : मला नाही कळत.

ऑपरेटर : तुम्हाला?

काका : ती माझे ओठ वाचायची. माझं सगळं कळायचं तिला, म्हणून मी कधी शिकलोच नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हे बोलून ठेवलंन. सहा महिने बघतोय. शेवटी माझ्याकडे बोट दाखवते, तेवढंच कळतं.

ऑपरेटर : मग कुणाला विचारलं नाहीत?

काका : लाज वाटली. बायको काय म्हणते, हे लोकांना विचारायचं?

ऑपरेटर : काका, एखाद्यालाच आधी बोलवू या का? सगळ्यांसमोर काही घरातलं निघालं तर?

काका : निघू दे. घरात तिचं ऐकणारं कुणी नव्हतं.