जरा आखूड माणूस

...नाही, पण माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा! मुलगा-सून कामावर, मी माझ्या शिलाई मशीनवर, नात शेजारी गादीवर, आणि पोरीला सकाळपासून उलट्या नि जुलाब. म्हटलं, त्यात काय! मला होतं तेव्हा मी पोटाला सुट्टी देतो, घोटभर पाणीसुद्धा नाही, संध्याकाळी ठणठणीत! तेच तिला केलं. शेवटी छोटं माणूस म्हणजे मोठंच माणूस, जरा आखूड... हो की नाही?

तुम्हाला सांगतो, पोरगी रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नाही. म्हटलं, नाटकी! आजीवर गेलीय! मग रडणंही थांबलं, गप्प पडून राहिली. म्हटलं, वा, उतार पडला! तेवढ्यात सून आली, पोरीला बघून पांढरीफटक, उचललं तिला आणि सुटली दवाखान्याकडे, मागे मी, गळ्यात टेप तसाच!

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "आजोबा, पाणी बंद केलंत? लहानांच्या अंगातलं पाणी भराभर संपतं! अश्रू नाहीत, जीभ कोरडी, हे नाटक वाटलं तुम्हाला?" मी म्हटलं, "चुकलंच... माझी जुलाब थांबवायची गोळी आहे, त्यातली अर्धी तरी द्यायला हवी होती." बाईंनी कपाळावर हात मारला! "मोठ्यांची काही औषधं मुलांना अजिबात चालत नाहीत, आणि चालतात ती वजन बघून!" अहो, पण छोटं माणूस म्हणजे मोठंच माणूस, जरा आखूड...

"तुम्ही शिंपी ना? मोठ्याचा सदरा सगळीकडून निम्मा कापून बाळाला घालता?"

"छे! गळ्यातून डोकं तरी जाईल का? बाळाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं..." आणि जीभ चावली मी. आपल्याच तोंडाने!

खरं सांगतो, सून तिला चमच्या-चमच्याने बाईंनी दिलेलं क्षारांचं पाणी पाजत होती ना, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. एवढासा घोट, एवढासा गळा... पोटात टिकलं एकदाचं, पोरीने डोळे उघडले, आणि मला भोवळ आली!

बाई म्हणाल्या, "दिवसभर तुम्हीही काही प्यायला नाहीत ना? म्हाताऱ्या माणसाला तहान लवकर कळत नाही. तुमचंही शरीर वेगळं, औषधाचं मापही वेगळं."

घ्या! म्हणजे लहान ते वेगळं, म्हातारं ते वेगळं... मग मोठं माणूस म्हणजे नक्की कोण हो?

"मी," सून त्याच पाण्याचा चमचा माझ्यापुढे धरत म्हणाली, "आ करा, बाबा." केला.