सात आठे आणि कान

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या दामिनीच्या शेजारी कलाबाई नवऱ्याची उजळणी घेत होत्या. भगवंतराव परवा स्कूटर बाजारातच विसरून पायी घरी आले होते, आणि डोकं तपासताना डॉक्टर पाढे विचारतात असं कलाबाईंच्या कानावर आलं होतं.

“सात आठे?”

भगवंतरावांनी डावा कान धरला. “छप्पन.”

“आता कान सोडून सांगा.”

“चोपन्न.”

“असं कसं? आत्ता तर बरोबर सांगितलं.”

“कान सोडला का निसटते.”

“डॉक्टरसमोर कान धरून बसान काय? येडं समजन तो.”

“तुह्या बापाले विचार. वर्गात कान पिळून पिळून त्यायनंच भरलं तिथं.”

“बाबाले जाऊन किती वर्षं झाली.”

“पीळ नाही गेला ना पण.”

“मंग आत येऊन मी धरू का कान?”

“तू तर लग्नापासून धरूनच हाय. कधी छप्पन निघाले का?”

दामिनीनं ओढणी तोंडाशी नेली.

“भगवंतराव कोण हाय? चला आत,” नर्सनं दारातून हाक मारली.

भगवंतराव उठले. दारापर्यंत जाता जाता त्यांचा हात चाचपडत उजव्या कानाकडे गेला.

“तो नाही,” कलाबाई मागून हळूच म्हणाल्या. “डावा. बाबा डावाच धरत.”