मागच्या फाटकाची किल्ली

—नाही नाही काका, हात जोडू नका, हात मी जोडायला हवेत. बसा. जाळीच्या जरा जवळ या, शेजारच्या खिडकीत कायम कुणीतरी भांडत असतं, काही ऐकू येत नाही. हां. गोदामाला आग तुम्ही लावली नाहीत हे मला पहिल्या भेटीतच कळलं होतं— आणि तरी शिक्षा तुम्हाला, साध्या ड्रायव्हरला झाली, आणि तुमच्यासोबतचा आरोपी, मालकाचा मुलगा, सुटला. का? तुमची वकीलबाई मूर्ख म्हणून? आहेच मूर्ख! पण नुसती मूर्ख नाही, मला बनवलंय काका. आणि कुणी? सख्ख्या मामानं.

मालकाच्या मुलाचा एवढा नावाजलेला वकील, तो तुमचा खटला स्वतःच्या भाचीला का देतो? मला वाटलं, विश्वास! कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यांत ढाली पटकावलेली मी, हवेतच होते. पहिला काळा कोट मामानंच शिवून आणला— बाह्या लांब झाल्या तर आपल्या हातांनी दुमडून दिल्या. आणि एक नियम घोकून घेतला— उलटतपासणीत साक्षीदाराला असा प्रश्न टाकायचा नाही, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही. झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन! आणि गोदामाच्या पहारेकऱ्याच्या साक्षीच्या आदल्या दिवशी हाच मामा म्हणतो, "मागच्या फाटकाच्या किल्लीचं विचार. ती खिळ्याला लटकलेली असायची, कुणीही घ्यायचं, असं सांगेल तो. तुझा ड्रायव्हर मोकळा." मी म्हटलं, "नक्की ना?" तर हसला— "मामावर विश्वास नाही?" आता सांगा, काय म्हणणार होते मी?

विचारलं. अगदी ऐटीत, कोट सावरून— तुम्ही पाहिलंतच. आणि पहारेकरी म्हणाला, "किल्ली ड्रायव्हरकडेच असायची, दुसऱ्या कुणाकडे नाही." सरकारी वकिलानं हे विचारलंच नव्हतं हो! मी, तुमच्या वकिलानं, वदवून घेतलं— मग ते खोडायचं कुणी? मामाकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून पेनाला टोपण लावत होता. आणि शेवटी युक्तिवादाला उभा राहून म्हणतो कसा, "माझ्या विद्वान सहकारी बाईंनीच हे सिद्ध केलंय." विद्वान!

तरी मी म्हणत होते, अंदाज चुकला असेल त्याचा. निकालानंतर कँटीनमध्ये तो पहारेकरीच समोर आला— "ताई, तुमच्या मामांनी पढवलं तसंच बोललो, आता नोकरी टिकेल ना?" हातातला कप तसाच ठेवला मी. भाचीला शिकवायचं कशाला— असं वापरायला? आई म्हणते, घरातलं घरात ठेव. नाही ठेवणार! अपिलात शपथेवर सांगणार आहे सगळं, त्याची सनद गेली तर जाऊ दे. नाही हो, रडत कुठेय... अजून फोन वाजला की वाटतं मामाच असेल, 'चुकलो गं' म्हणेल— जाऊ दे ते. मी साक्ष द्यायची म्हणजे तुमची वकील राहता येणार नाही, म्हणून दुसऱ्या बाई शोधल्यात, खमक्या आहेत. हे त्यांचं वकीलपत्र. इथे सही करा.

करा ना. काय झालं?

कोण आलं होतं? मामा? इथे? "मालकाचं काम संपलं, आता तुमचं अपील मी बघतो" म्हणाला— आणि तुम्ही सही देऊन मोकळे? माझ्याबद्दल काय म्हणाला? बोला की. "पोर कच्ची होती, तिनं तुमचा घात केला"— असं? बरं. पण काका, मी आत्ता एवढं सांगितलं ते? ते ऐकूनसुद्धा तुमचा भरवसा त्याच्यावरच? मोठा वकील आहे, बरोबर आहे. मीही तेच म्हणत होते.

नाही, थांबा— शिपाईदादा, वेळ आहे अजून, त्यांना नेऊ नका. काय? तुम्ही नेत नाही आहात?

ते स्वतःच उठले?